बेसिनजवळचं टेबल

१२ जानेवारी

टिल्ले,

तुझं पत्र काल पोचलं आणि जेवणाआधी मी ते बाबांना वाचून दाखवलं. फोनवर त्यांना ‘हॅलो’च्या पुढचं काही ऐकू येत नाही आणि ते कबूल करायची तयारी नाही, म्हणून आपला हा पत्रांचा खटाटोप. मी खुर्ची त्यांच्या उजव्या कानाशी ओढते आणि ठणठणीत आवाजात वाचते. शेजारीणबाईंना तुझी सगळी खबर असते ती त्यामुळेच. वाचून झालं की बाबा जिन्यात जो भेटेल त्याला सांगतात, “माझी धाकटी परदेशात हॉटेल चालवायला शिकतेय.” भाची म्हणत नाहीत, धाकटी म्हणतात. तू तिथे पबच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलतेस, हे मी त्यांच्यामागून सांगून टाकते. घरात कुणीतरी खरं बोलायला हवं.

आता कामाचं. शिंपीकाका दुकान सोडतायत. सुईत दोरा ओवायला हल्ली त्यांना गिऱ्हाइकाची मदत लागते. कोपऱ्यावरचा गाळा, रस्त्याकडे ती मोठी खिडकी, मागे नळ. मी लगेच जाऊन शब्द टाकला. ते म्हणाले, “तू आणि तुझी आतेबहीण ना? तीच ना, तुझे जुने फ्रॉक मी जिच्या मापाचे करून द्यायचो? घ्या तुम्ही दोघी. पण एवढ्याशा रस्त्यावर आधीच चार खानावळी आहेत. तुमच्यात काय निराळं?”

मग मी त्यांना आपलं गुपित सांगितलं. म्हटलं, काका, कुठल्याही हॉटेलात एकटं माणूस शिरलं की त्याला सगळ्यात वाईट जागा देतात. दारातल्या वाऱ्याच्या झोतात, नाहीतर मोरीपाशी. चांगली टेबलं चौघांची. आई गेली त्या वर्षी बाबा आम्हाला सांगायचे, छापखान्यात आम्ही सगळे मिळून डबा खातो. एके दुपारी मी कॉलेजातून लवकर सुटले आणि नाक्यावरच्या हॉटेलच्या काचेतून सहज बघितलं, तर आत बाबा. एकटे, बेसिनजवळच्या टेबलावर. येणारा-जाणारा हात धुतोय, हात झटकतोय, आणि बाबा ताट आपल्याकडे ओढून घेतायत. मी आत गेले नाही. घरी येऊन टिल्लीच्या गळ्यात पडून रडले आणि दोघींनी ठरवलं, आपलं हॉटेल निघालं की खिडकीचं टेबल एकट्याचं. चौघं येऊन ताटकळले तरी ते त्यांना द्यायचं नाही.

शिंपीकाकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “गाळा तुमचा. मी थांबतो.”

मी बघितलं हे बाबांना अजून माहीत नाही, आणि होऊही द्यायचं नाही. दर रविवारी ते अजून त्याच हॉटेलात जातात. वेटर मानानं आत बसा म्हणतो, तरी हे जाऊन बसतात बेसिनपाशीच. वर्षानुवर्षं वाईट जागा मिळाली की माणसाला तीच आपली वाटायला लागते. म्हणून म्हणते, उशीर नको. तू दोन वर्षं म्हणून गेलीस, ती संपली. उन्हाळ्यात ये. स्वयंपाकघर तुझं, गल्ला आणि भांडणं माझी.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ताई,

(सहा महिन्यांनी मोठी, आणि आयुष्यभर ‘ताई’ म्हणवून घेतेस. असो.)

हे मामांसाठी, मोठ्यानं वाच. मामा, इथला पब म्हणजे गल्लीची बैठकच आहे. संध्याकाळी प्लंबर येतो आणि काउंटरच्या एका ठरलेल्या कोपऱ्याला टेकून उभा राहतो. तिथे दुसरं कुणी असलं तर ‘सरका’ म्हणत नाही, नुसता त्याच्यामागे उभा राहून सुस्कारे सोडतो. एक आजीबाई कुत्रा घेऊन येतात. बिअर त्या पितात, तळलेले बटाटे कुत्रा खातो आणि तक्रार दोघंही करतात. टीव्हीवर सामना असला की ओळख ना पाळख, माणसं एकमेकांना मिठ्या मारतात आणि सामना संपला की पुन्हा अनोळखी होऊन घरी जातात. एक गंमत सांगते. इथे जेवायच्या खोलीत बेसिनच नसतं. हात धुवायची सोय आत, दाराआड. जेवून कुणी उठतच नाही, कागदाला बोटं पुसतात आणि निघतात. पहिले काही महिने मला जेवण संपलंय असं वाटायचंच नाही.

ताई, आता तुझ्यापुरतं, हळू वाच. एकट्या माणसाची इथेही तीच गत आहे, त्याला संडासाच्या दाराजवळ बसवतात. मी मालकांना आपली खिडकीची गोष्ट सांगितली. त्यांना ती फार आवडली. माणूस चांगला आहे, माझं ऐकतो, टेबलांची मांडणीसुद्धा मला विचारून करतो. पण त्यामुळेच उन्हाळ्यात सुटका होईलसं दिसत नाही. नवीन माणूस तयार करून मग जा म्हणतात. शिंपीकाकांना जरा गोड बोलून थांबव ना. तुला ते जमतं.

मामांच्या गुडघ्याला रोज तेल लावतेस ना? तू विसरतेस.

टिल्ली


१६ मार्च

टिल्ले,

तेल मी विसरत नाही, बाबा पाय लपवतात.

तुझ्या मालकांना माझा नमस्कार कळव. हाताखालच्या बाईला विचारून टेबलं मांडणारा मालक मी तरी बघितलेला नाही. आमच्या हॉटेलचे मालक गल्ल्यावर येऊन मला एकच गोष्ट विचारतात, गॅस एवढ्यात संपला कसा. पण तू भोळी आहेस म्हणून सांगते, सगळी विद्या त्यांच्या पदरात टाकू नकोस. उद्या ते आपली खिडकी तिथे उघडतील आणि आपण इथे हात चोळत बसू.

इकडची बातमी अशी की आमच्या मालकांनी नदीपलीकडे नवी शाखा काढलीय. मला बोलावून म्हणाले, ती तू सांभाळ, पूर्ण तुझ्या हातात. मी नाही म्हटलं. म्हटलं, माझी बहीण येतेय, आमचं स्वतःचं निघतंय. त्यांनी पंखा मोठा केला आणि मला पुन्हा विचारलं, उन्हानं मला काही झालंय असं त्यांना वाटलं असावं. मी पुन्हा नाही म्हटलं. ती शाखा आता त्या मुलीला मिळाली जिला गल्ल्यावरचं काम मीच शिकवलं. तेव्हा मागे फिरायची सोय राहिलेली नाही, हे तुझ्या त्या चांगल्या मालकांना समजावून सांग.

शिंपीकाकांचा पुतण्या रोज दुकानात येऊन बसतो. त्याला तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. काका त्याला ‘बघू’ म्हणतात आणि तो गेला की माझ्याकडे बघून हसतात. दुकान आवरता आवरता उरलेल्या निळ्या कापडाचा त्यांनी एक टेबलक्लॉथ शिवलाय, एकाच टेबलाचा, काठाला पांढरी शिवण. ‘तुमच्या खिडकीसाठी’ म्हणाले.

बाबांनी तर जिन्यात जाहीर करून टाकलंय. शेजारीणबाईंनी पहिल्या दिवशीचं आमंत्रण आत्ताच मागून घेतलं. आता उन्हाळ्यात नाही तर कधी, ते एकदा नीट लिही.

ताई


२५ मे

ताई,

उशिरा लिहितेय, रागावू नकोस. श्वास घ्यायला फुरसत नाही. नव्या खुर्च्या आल्या त्या डुगडुगत्या निघाल्या, परत पाठवल्या. जुनी पाटी पुन्हा रंगवायला आलेला माणूस अर्धी रंगवून गायब झाला. त्यात एक वेटर भांडून गेला. सगळं माझ्याच डोक्यावर.

ती शाखा तू घ्यायला हवी होतीस. खरंच. माझ्यासाठी कशाला सोडलीस? मी काही तसं म्हटलं नव्हतं. आणि शिंपीकाकांनाही फार अडवून धरू नकोस, म्हाताऱ्या माणसाला उगाच त्रास. पुतण्याला गाळा हवा असेल तर तुला योग्य वाटेल ते कर. हॉटेल काय, केव्हाही काढता येतं.

मामांना सांग मी मजेत आहे. त्यांच्यासाठी या वेळी वेगळं काही लिहायला जमलं नाही.

टिल्ली


८ जून

टिल्ले,

काय झालंय ते खरं सांग.

तुझं पत्र बाबांना वाचताना मी अर्ध्याहून जास्त गिळलं आणि माझ्या मनानं प्लंबर आणि आजीबाई घातल्या. तरी ते म्हणालेच, “आज टिल्ली लिहिताना दमलेली होती.”

मला वाटतं ते लोक तुला पिळून काढतायत. स्वयंपाकघरातल्या बाईच्या डोक्यावर खुर्च्या आणि पाट्या कशाला? की तब्येत बरी नाही? कुणाशी बिनसलंय? हॉटेल केव्हाही काढता येतं असं तू लिहावंस, म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय. तसं असेल तर सरळ निघून ये. हॉटेल नसलं तरी घर आहे.

योगायोग बघ, आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच शहरात चालल्या आहेत, दातवाल्यांचं काही संमेलन आहे. तू गेल्यावर बाबांची कवळी त्यांनीच बसवली. आपल्या खिडकीच्या टेबलाची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितलीय, त्यांनाही पहिल्या दिवशी यायचंय. पबचा पत्ता पाकिटावरून उतरवून दिलाय आणि शिंपीकाकांचा टेबलक्लॉथ त्यांच्याबरोबर पाठवतेय. तो रोज डोळ्यांसमोर ठेव म्हणजे यायची आठवण राहील. बाईंना पोटभर जेवायला घाल आणि तुझा तो पुढचा दात तेवढा दाखव. दातानं सोड्याची बाटली उघडायची पैज मीच लावली होती, तेव्हा तो तुटलेला कोपरा माझ्या डोक्यावर आहे.

ताई


३ जुलै

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवणार नाही आणि स्वतःही पुन्हा वाचणार नाही.

डॉक्टरीणबाई परवा आल्या. टेबलक्लॉथची पिशवी जशीच्या तशी माझ्या गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाल्या, जरा बाहेर ये.

माझं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधीच त्या पबमध्ये गेल्या होत्या. तुझं नाव सांगितलं तर काउंटरवरचा माणूस हसला. ती इथे कुठली आता, म्हणाला, केव्हाच सोडून गेली, फक्त टपाल घ्यायला येते. आणि त्यानं त्याच रस्त्यावरची पुढची पाटी दाखवली. तिचं स्वतःचं आहे, जागा मिळत नाही तिथे. बाईंना वाटलं, गंमत करू, जेवून झालं की ओळख सांगू. एकट्याच शिरल्या. दारात चौघांचं कुटुंब उभं होतं, त्यांना थांबवून तुझ्याकडच्या मुलीनं बाईंना थेट खिडकीत नेऊन बसवलं. मग मालकीणबाई स्वतः पाणी घेऊन आल्या. पुढच्या दाताचा कोपरा गेलेला. आणि रोज सांगून तोंडात बसल्यासारखं त्यांनी सांगायला सुरुवात केली, “हे टेबल माझ्या वडिलांसाठी आहे. आई गेली त्या वर्षी ते एकटेच हॉटेलात जेवायचे, हात धुवायच्या जागेपाशी. मी काचेतून बघितलं आणि घरी जाऊन रडले.”

बाई म्हणाल्या, मी ओळख सांगितलीच नाही. घास तोंडात फिरायला लागला. पिशवी पायाशी होती, ती उचलून निघून आले.

तर तो चांगला मालक, तुझं सगळं ऐकणारा, तुला विचारून टेबलं मांडणारा, तो तूच. आणि मी त्याला नमस्कार कळवत होते. तो आपली खिडकी चोरेल म्हणून मी तुलाच सावध करत होते. तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि खुर्च्या मागवल्यास.

हॉटेल काढल्याचा राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. मला आशेवर बसवलंस, मी शाखा सोडली, एक म्हातारा माणूस माझ्या भरवशावर स्वतःच्या पुतण्याशी वाईट झाला, आणि तू ताकास तूर लागू दिली नाहीस. तरी तो राग मी एक वेळ गिळीन. वडील कसे गिळू? तुझे वडील घर सोडून गेले, आत्या आजारात गेली, तुझ्याकडे सांगण्यासारखं दुःख कमी होतं का, की माझं लागलं? काचेबाहेर मी उभी होते. रडले मी. तू फक्त खांदा दिला होतास आणि मला वाटत होतं, तो खांदा माझ्यासाठी आहे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असणार. इतकी वर्षं मला कळलंसुद्धा नाही.

बाबा रोज विचारतायत, टिल्लीचं पत्र का नाही. मी काय वाचून दाखवू ते आता तूच सांग.


३० जुलै

ताई,

सगळं खरं आहे. गेल्या वर्षीच काढलं. तुला कळवायचं म्हणून पत्र लिहायला बसले आणि त्याच दिवशी तुझं आलं, आपण दोघी मिळून काय काय करू त्याचं. मी माझं फाडून टाकलं. मग ते झाकायला तो मालक जन्माला घातला, आणि पुढे तो मलाच आवडायला लागला. परत यायचं नाही हे मला त्याच्याही आधी कळलं होतं. इथे माझ्याआधी कुणाचं माप घेतलेलं नसतं.

वडिलांचं सांगते. पहिल्यांदा मी खरंच ‘मामा’ म्हणाले होते. इथल्या भाषेत काका, मामा, शेजारचा म्हातारा, सगळ्यांना एकच शब्द आहे. गिऱ्हाइकानं मान डोलावली आणि बटाटे खायला लागलं. पुढच्या वेळी मी ‘वडील’ म्हणाले, आणि समोर जेवणाऱ्या बाईनं काटा-चमचा खाली ठेवला. तेव्हा मला असं वाटलंच नाही की मी खोटं बोलले. सहा वर्षांची होते तेव्हा स्टेशनवरून मला कडेवर कुणी आणलं? शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कुणी केली? ‘धाकटी’ म्हणतात असं तूच लिहिलंस ना?

आणि काचेतून बघितलं हेही खोटं नाही. तू रडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून तिथे जाऊन उभी राहिले होते. मामा त्याच टेबलावर होते. कुणीतरी हात झटकले, त्यांच्या शर्टावर शिंतोडे उडाले आणि ते त्या माणसाकडे बघून हसले. ताई, ते हसू मला तुझ्या रडण्यापेक्षा जास्त लागलं. इतका अपमान होऊन हसणारा माणूस मी बघितला नव्हता. तुला सांगितलं नाही, कारण त्या घरात दुःखावरसुद्धा पहिला हक्क तुझा होता. तुझी आई गेली होती, तुझे बाबा एकटे होते. मला सगळं मिळालं, कशात काही कमी केलं नाहीत तुम्ही. पण सगळं तुझ्या अंगाला लागून मग माझ्या मापाचं केलेलं. ही एक गोष्ट मी न कापता घेतली.

चुकले. लिहायची रीत म्हणून लिहीत नाही, चुकले. तू शाखा सोडल्याचं वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही, तरी मी गप्प बसले. त्याला काय म्हणायचं ते तू म्हण. मी येऊ का? इथलं थोडे दिवस दुसऱ्यांवर सोपवून येते, गाळा उभा करून देते. नाहीतर तू मामांना घेऊन इकडे ये. एकदा तरी त्यांना खिडकीत बसव. ते टेबल त्यांचंच आहे.

टिल्ली


१४ ऑक्टोबर

टिल्ली,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. बाबांनी लिहायला लावलंय.

पत्रं वाचून दाखवणं बंद झाल्यावर त्यांनी आधी वाट बघितली, मग जिन्यात बोलणं सोडलं. मग एका रविवारी मला म्हणाले, चल, आज माझ्याबरोबर जेवायला चल. नाक्यावरच्या हॉटेलात गेलो. मी खिडकीकडे वळले, ते बेसिनकडे. जाऊन बसलेसुद्धा. तेव्हा माझा बांध फुटला. म्हटलं, बाबा, सोडा ना आता ही जागा, हिच्यापायी काय काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. आणि सगळं सांगून टाकलं. काच, रडणं, आपलं ठरणं, तुझं हॉटेल, तू त्यांना वडील केलंस तेही.

ते चावत चावत ऐकत होते. कवळीमुळे त्यांना वेळ लागतो. मग म्हणाले, “पण हे टेबल तर मी मागून घेतलं होतं.”

“मागून?”

“अगं, तुझी आई गेल्यावर मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा त्यांनी मला खिडकीतच बसवलं होतं. चांगलं टेबल, भरपूर उजेड. पण तिथे कोण येतंय? लोक रस्त्यावरून बघतात आणि जातात. घास उतरेना. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला तिकडे द्या. इथे प्रत्येकाला यावंच लागतं ना. हात धुताना माणूस दोन शब्द बोलतो. आज भात मऊ झालाय, पोरी काय म्हणतात, अहो पाणी उडालं का तुमच्यावर. तेवढं मला घरी येईपर्यंत पुरायचं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाटलं असतं, घरात आपण असून म्हाताऱ्याला परक्यांशी बोलायला जावं लागतं.”

तेवढ्यात एक माणूस हात धुवायला आला. त्यानं हात झटकले, बाबांच्या खांद्यावर पाणी उडालं आणि तो म्हणाला, “आज लेक सोबत वाटतं.” बाबा हसले. तू बघितलेलं हसू तेच असणार. तुला त्यात अपमान दिसला. मी तर हसू बघायला थांबलेसुद्धा नव्हते, आधीच रडत घरी पळाले होते.

तुझ्याबद्दल म्हणाले, “तिला वडील हवे होते, तिनं घेतले. माझं काय कमी झालं?” मला त्यांचाही राग आला आणि तो अजून आहे. आपल्याला कुणी फसवलं तर निदान घरातल्यांनी आपली बाजू घ्यावी. त्यांनी माझी घेतली नाही. तुझी घेतली असंही नाही. ते उठून हात धुवायला गेले.

गाळा मी घेतला, एकटीनं. शिंपीकाका थांबले होते. पुतण्यानं बोलणं टाकलं तरी थांबले. मागच्या नळाचं पाणी मी पुढे, बसायच्या जागेत आणवलं. आमचा प्लंबर म्हणाला, बाई, लोक बेसिन लपवतात आणि तुम्ही मधोमध आणताय. त्याच्या शेजारचं टेबल एकट्याचं. निळा टेबलक्लॉथ तिथेच घातलाय. तो दिवसभर ओला असतो आणि शिंपीकाका रोज चहाला येऊन त्याच्यावरून माझ्याशी भांडतात. खिडकीत चौघं बसतात. बाबांनी नाक्यावर जाणं बंद केलंय. ते दुपारी आमच्याकडेच येतात, भात कसा झालाय ते सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतात आणि मग मला येऊन सांगतात. शेजारीणबाई गरज नसताना हात धुवायला उठतात.

तुझं हॉटेल चालू दे. तुझ्याकडे हात धुवायची सोय आत, दाराआड, असं तू लिहिलं होतंस, तेव्हा यातलं तुला काही उचलून नेता येणार नाही. माझ्याकडून नेलंस तेही चुकीचंच नेलंस. मला त्याचं बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची लाज वाटत नाही.

बाबा म्हणतात, तिला ये म्हणून लिही. लिहिलं. गाळा उभा करायला येऊ नकोस, तो उभा आहे. गिऱ्हाईक म्हणून ये. एकटी आलीस तर आपल्या दोघींचं ठरलं होतं तसंच मी तुला खिडकीत बसवीन. चौघं ताटकळले तरी तुला उठवणार नाही. पाणी मी स्वतः आणून ठेवीन, काय हवं ते विचारीन आणि गल्ल्यावर परत जाऊन बसेन. तिथे तुझ्याशी कुणी बोलायला येणार नाही.

जेवण झाल्यावर मात्र हात धुवायला तुला उठावंच लागेल. तिथे बाबा असतात.